तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा जागेत काय लावू?

‘गॅलरी एवढीशीच आहे, कोणती झाडं लावू?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो. कधी गॅलरीऐवजी गच्चीचा कोपरा असतो, कधी दारापुढची हातभर जागा. विचारणाऱ्याला झाडांची नावं हवी असतात, आणि मी उलट विचारते, ‘ऊन किती तास येतं?’

ही टाळाटाळ नाही. मोठ्या बागेत एखादं रोप एका कोपऱ्यात रमलं नाही तर दुसरीकडे हलवता येतं. चार फुटांच्या गॅलरीत जे ऊन आहे तेच आहे. म्हणून एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दर तासाला बाहेर जाऊन बघा आणि ऊन कुठवर आलंय ते जमिनीवर खडूने आखा. कठडा उन्हात न्हाऊन निघतो, पण भिंतीलगत, जिथे कुंडी ठेवायची असते तिथे, ऊन पोचतच नाही, हे बहुतेकांना तेव्हा पहिल्यांदा कळतं. ऋतू बदलला की पुन्हा बघा. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडची गॅलरी हिवाळ्यात उन्हाने भरून जाते, कारण सूर्य तेव्हा खालून जातो आणि किरण तिरपे आत शिरतात. उन्हाळ्यात तो वर चढला की वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली त्याच गॅलरीवर पडते. पूर्वेचं सकाळचं ऊन जवळपास सगळ्या झाडांना मानवतं. पश्चिमेला मात्र दुपारच्या उन्हात तापलेल्या भिंतीची धगही मिसळते आणि कोवळी पानं करपतात.

ऊन कळलं की पुढचा प्रश्न कुंडीचा, आणि इथे माझं मत ठाम आहे. जागा लहान असेल तर कुंड्या कमी घ्या आणि मोठ्या घ्या. लहान जागा म्हणून लहान कुंड्या, असं गणित बहुतेकजण मांडतात, आणि वीसेक डबे-डुबे मांडून पाणी घालण्यातच थकून जातात. १५ सेंटिमीटर व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या कुंडीत जेमतेम अडीच लिटर माती मावते. दोन्ही मापं ३० सेंटिमीटर केली की तीच माती २१ लिटरच्या आसपास जाते. माप दुप्पट, माती आठपट! कडक उन्हात लहान कुंडी संध्याकाळपर्यंत कोरडी पडते. मोठ्या कुंडीत मुळांना खाली ओलावा मिळतो, अन्नसाठाही जास्त असतो, आणि तुम्ही दोन दिवस गावाला गेलात तरी झाड तग धरतं.

मोठ्या, खोल कुंडीचा आणखी एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. पाणी घालून झालं, जास्तीचं खालच्या भोकातून वाहून गेलं, तरी तळाशी चिंब मातीचा एक थर उरतो. तो किती जाड असेल हे मातीच्या पोतावर ठरतं, कुंडीच्या उंचीवर नाही. त्यामुळे उथळ कुंडीत तोच थर मुळांची निम्मी जागा व्यापू शकतो आणि मुळं श्वासाविना कुजतात. निचऱ्यासाठी तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे भरण्याची सवय याच कारणाने सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी भरड थरात सहजी उतरत नाही, आधी वरची माती पूर्ण भिजून तुडुंब व्हावी लागते. खडीने फक्त तो चिंब थर वर सरकतो आणि मुळांची जागा घटते. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. निचरा सुधारायचा तो मातीतच. जमिनीतली नुसती माती कुंडीत दगडासारखी बसते. ती, चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समसमान घ्या. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते आधी साध्या पाण्यात धुवून पिळून घ्या.

वजनाचा विचार मात्र हवाच. जमिनीतली माती भरलेली अशी मोठी कुंडी ओली असताना ३० किलोच्या पुढे सहज जाते. कोकोपीटचं मिश्रण त्यापेक्षा हलकं. बाहेर झेपावलेल्या गॅलरीत जड कुंड्या घराच्या भिंतीलगत ठेवा, बाहेरच्या टोकाला नको. कठड्यावर कुंडी ठेवूच नका. वाऱ्याच्या एका झोताने ती खाली चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पडू शकते.

भिंतीवर टांगायचे ते कापडी कप्पे मला पटत नाहीत. एकेका कप्प्यात मूठ-दोन मूठ माती, ती दुपारीच सुकते आणि वरून टिपकणारं पाणी खालच्या रोपांना नको तेव्हा मिळतं. उंची वापरायची तर वेल लावा. एका चांगल्या कुंडीतून गोकर्णाचा वेल दोरीवर चढवला तर तो जमिनीची फारशी जागा न घेता अख्खी जाळी निळी करतो. सावलीला पडदाही होतो.

आता झाडं. रोज सहा तास किंवा जास्त ऊन असेल तर मिरची, वांगं, टोमॅटो, जास्वंद, मोगरा, सदाफुली, सगळं जमतं. तीन-चार तासांत पालक, कोथिंबीर, पुदिना होतात. पुदिना धुमारे पसरवत शेजाऱ्याला गिळतो, त्याला स्वतंत्र कुंडी द्या. थेट ऊन अजिबात नसेल तर मनीप्लांट, स्नेक प्लांट, नेचे, आणि तिथे फुलांचा हट्ट धरू नका. लहान मुलं किंवा पाळीव प्राणी घरात असतील तर कण्हेर आणि डिफेनबॅकिया (मोठ्या ठिपकेदार पानांचं शोभेचं झाड) दोन्ही टाळा. कण्हेर तर सर्वांगी विषारी आहे.

मोगऱ्याबद्दल तक्रार ठरलेली असते: पानं भरपूर, कळ्या नाहीत. त्याच्या कळ्या नव्या फुटीवर येतात. थंडी सरताना फांद्या एक-तृतीयांश छाटा, कंपोस्ट द्या, आणि एक बहर संपला की शेंडे पुन्हा खुडा. एवढं करूनही नुसती पानंच वाढत असतील तर ऊन कमी पडतंय किंवा नत्राचं खत जास्त होतंय.

बोगनवेल माझ्या मोठ्या कुंडीच्या नियमाला अपवाद आहे. मुळं जरा आवळलेली आणि माती दोन पाण्यांच्या मध्ये सुकलेली असेल तेव्हाच ती खरी रंगते. लाड केले की हिरवीगार होऊन बसते. तिच्या काट्यांमुळे अरुंद गॅलरीत वावरणं कठीण होतं, म्हणून मी ती गच्चीवाल्यांनाच सुचवते.

तरीही नावंच हवी असतील, ऊन सहा तास असेल आणि कुंड्या तीनच मावत असतील, तर मी एका कुंडीत मोगरा लावेन. दुसरीत मिरची, कारण ती एका हंगामाची नसते. तोडे थांबल्यावर छाटली की पुन्हा फुटते आणि नीट जपली तर दोन-तीन वर्षं फळते. कीटक कमी येणाऱ्या आडोशाच्या गॅलरीत फुलं असताना फांद्यांना हलकी टिचकी मारा, परागीभवनाला तेवढं पुरतं. आणि तिसरी कुंडी मी ऋतूप्रमाणे बदलत ठेवेन: थंडीत पालक, मग त्याच मातीत दोन ओंजळी कंपोस्ट मिसळून गोकर्ण.