टोब्रुकचे उंदीर आणि आमचा पणजा

बेळगावच्या मराठा सेंटरच्या रस्त्यानं गाडीवरनं जाताना दरवेळी पणजा आठवतोय, तो मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या महायुद्धातल्या पलटणीत होता, २१ जून १९४२ ला लिबियातलं टोब्रुक बंदर जर्मनांच्या हाती पडलं तेव्हा त्यांची पलटण तिथंच कैद झाली. आज्जी सांगायची तेवढंच ठाऊक होतं, म्हणून टोब्रुकचं वाचायला घेतलं आणि सापडले ऑस्ट्रेलियाचे शिपाई. १९४१ च्या एप्रिलपासून १४ हजारांच्या आसपास ऑस्ट्रेलियन तिथं जर्मन-इटालियन फौजांच्या वेढ्यात अडकलेले, सगळे स्वतःहून भरती झालेले, कोण मेंढ्या राखणारा कोण कारकून. दिवसा उन्हात खड्ड्यात पडून राहायचं, माशा, पिसवा, खारट पाणी, डब्यातलं बीफ, आणि रात्री गपचूप शत्रूच्या लाईनीपर्यंत गस्त. जर्मन रेडिओनं त्यांना उंदीर म्हणून हिणवलं तर ह्यांनी तेच नाव अभिमानानं घेतलं, पडलेल्या जर्मन विमानाच्या पत्र्यातनं उंदराचं मेडल बनवलं! हे वाचून मला लई भरून आलं. ऑक्टोबरपर्यंत बहुतेक ऑस्ट्रेलियन तिथनं निघाले, पुढच्या वर्षी आमचा पणजा पोचला. त्यांनी खणलेल्या एखाद्या खड्ड्यात तोपण बसला असेल काय, हेच सारखं डोक्यात येतंय.