दहा मिनिटांचा व्हिडिओ आणि शेजारची विंडो

ऑनलाइन शिक्षणाचा विषय निघाला की स्टाफरूममध्ये बोलणं लगेच कॅमेरा, स्टुडिओ आणि स्मार्टबोर्डवर जातं, आणि मला दरवेळी आयआयटी बॉम्बेचं स्पोकन ट्युटोरियल आठवतं, म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे व्हिडिओ. प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला प्रकल्प, केंद्र सरकारच्या पैशातून झालेला, व्हिडिओ सगळ्यांना फुकट, तरी आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजात बऱ्याच जणांनी त्याचं नावसुद्धा ऐकलेलं नाही!

यात शिकवणारा माणूस दिसतच नाही. कॉम्प्युटरचा स्क्रीन दिसतो आणि आवाज ऐकू येतो, साधारण दहा मिनिटं, बस. प्रोग्रामिंगचं पायथन, गणितासाठी सायलॅब, छापील मजकूर मांडायला लाटेक, ऑफिसच्या कामाला लिब्रेऑफिस, असं सगळं ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारं. मुलांनी स्क्रीनच्या एका बाजूला व्हिडिओ लावायचा, शेजारी ते सॉफ्टवेअर उघडायचं, एक स्टेप बघायची, पॉज करायचं, स्वतः टाइप करायचं, तेच आउटपुट आलं तर पुढे, नाहीतर परत मागे. नेट नसेल तर व्हिडिओ डाउनलोड करून लॅबमध्ये लावता येतात.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते रेकॉर्डिंगच्या आधीचं काम. आधी पूर्ण स्क्रिप्ट लिहितात, मग ज्याला तो विषय येत नाही अशा कुणालातरी ती देतात आणि सांगतात, नुसतं हे वाचून करून बघ. तो जिथे अडतो तिथे स्क्रिप्ट बदलते, मगच आवाज रेकॉर्ड होतो. एकच सिलॅबस वर्षानुवर्षं शिकवला की नवख्या पोराला नेमकं कुठे अडतं ते आपल्याला दिसेनासं होतं, त्यामुळे ही एक पायरी मला कुठल्याही महागड्या स्टुडिओपेक्षा मोलाची वाटते, आणि त्याला खर्च काय, तर एफवायच्या एका मुलाचा तासभर.

भाषेचा निर्णयही असाच विचार करून घेतलाय. आवाज मराठीत डब करतात, स्क्रीनवरचं सॉफ्टवेअर मात्र इंग्रजीतच राहतं, कारण उद्या नोकरीत तोच मेनू समोर येणार.

मुलांना स्वतः करायला लावायचं हेच काम हार्वर्डमध्ये प्रा. एरिक माझुर 1991 पासून फिजिक्सच्या वर्गात वेगळ्या वाटेने करत आले. मध्येच एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी आपलं उत्तर द्यायचं, मग शेजारच्याशी वाद घालायचा, मग परत उत्तर द्यायचं. इथेही मुलाला काहीतरी केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनी जे तासतासभराचे लेक्चर झूमवर घेतले त्यात नेमकं हेच नव्हतं.

यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सेमिस्टरचे 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करता येतात. चांगलंच आहे, पण कॉलेजं रजिस्ट्रेशनचे आकडे मोजतात आणि पोरं काय करतात ते कुणी बघत नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

आणि एक अडचण राहतेच. आमच्या बहुतेक मुलांकडे फक्त मोबाइल आहे, त्यावर शेजारी दुसरी विंडो उघडून काम होत नाही. लॅबला पाचला कुलूप लागतं, पोरांची शेवटची एसटी सातची. ते दोन तास लॅब उघडी ठेवा म्हणून मी अर्ज दिलाय, बसायला मी तयार आहे.