कशात लिहिलंय?

काम दाखवून झालं. ते क्लायंटला आवडलं, दोनदा 'छान' म्हणूनही झालं. आणि मग तो प्रश्न आला, 'कशात लिहिलंय हे?'

'पीएचपीत.'

'अच्छा.' आधीच्या अर्ध्या तासाचं सगळं कौतुक त्या एका 'अच्छा'ने परत घेतलं. 'नवीन काहीतरी घ्यायचं होतं. पायथन वगैरे.'

आता पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा पहिल्यांदा बाहेर आली १९९१ साली आणि पीएचपी १९९५ साली. म्हणजे त्यांची नवीन भाषा माझ्या जुनाट भाषेपेक्षा चार वर्षांनी थोरली. पण मीटिंगमध्ये जन्मतारखा काढून वाद घालता येत नाही. मी वहीत 'पायथन' असं लिहून घेतल्यासारखं केलं.

पीएचपीला नावं ठेवायला जागा नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. रासमुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या होमपेजसाठी केलेली ही हत्यारं, पुढे गरजेप्रमाणे वाढत गेली. ते ठिगळ दिसतंच. इन_अ‍ॅरे हे यादीत शोधणारं फंक्शन म्हणतं, आधी काय शोधायचं ते सांग, मग कुठे. मजकुरात शोधणारं स्ट्रपॉस म्हणतं, आधी कुठे, मग काय. इतकी वर्षं लिहितोय, तरी दर वेळी मॅन्युअल उघडतो. त्यात शोधलेला शब्द ओळीच्या अगदी सुरुवातीलाच असला, तर स्ट्रपॉस त्याची जागा म्हणून शून्य देतं आणि माझ्यासारख्याने घाईत लिहिलेल्या 'इफ'च्या अटीला ते शून्य म्हणजे 'सापडलंच नाही' वाटतं. त्या शून्यापायी माझा एक अख्खा शनिवार गेलाय. (विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकीही पीएचपीतच आहे, हे मी तरी सांगतोच.)

आपल्या प्रोग्रॅमर लोकांतही हेच चालतं. जावा भाषेवाला म्हणजे दोन ओळींच्या कामाला दहा फायली. जावास्क्रिप्टचा विषय निघाला की कुणीतरी 'दहा दिवसांत केलेली भाषा' म्हणणारच, जणू १९९५नंतर तिला कुणी हातच लावला नाही.

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. नोकरीच्या एका अर्जात व्हिज्युअल बेसिक या जुन्या भाषेची बारा वर्षं दिसली आणि मी तो गठ्ठ्याच्या तळाशी सारला होता. साहेबांनी तो वर काढला, म्हणून तो अर्ज करणाऱ्या बाई आज माझ्या शेजारी बसतात.

महिन्याभराने त्याच क्लायंटचा रिपोर्ट रखडायला लागला. 'पीएचपी आहे ना, स्लो असणारच,' असा मेल आला. मी कोड चाळत बसलो. बाईंनी कोडला हातही लावला नाही. डेटाबेसला विचारलेल्या क्वेरीपुढे, ती कशी चालते ते दाखवणारं एक्सप्लेन लावलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. चार तारखांच्या नोंदींसाठी डेटाबेस अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून वाचत होता. तारखेच्या कॉलमवर इंडेक्सच, म्हणजे पुस्तकामागे असते तशी सूची, नव्हता. तो घातला आणि पान क्षणात उघडलं.

संध्याकाळी फोन आला. 'आता कसं! पायथनमध्ये नेलंत ना?'

मी 'हो' म्हणणारच होतो. पण फोन स्पीकरवर होता आणि बाई ऐकत होत्या.