तुम्ही विचारलंत म्हणून: तो गॅस जातो कुठे?

पीएलए, म्हणजे वनस्पतींच्या साखरेपासून बनणारं प्लास्टिक. त्यात क्रिस्टल वाढावेत म्हणून मी ते दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवते, तर लोक विचारतात, "म्हणजे तुमच्या प्लास्टिकमुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होणार ना?" लग्नात, लिफ्टमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, तोंड उघडं असताना. नाही होणार. व्हॉल्व्ह उघडला की गॅस बाहेर. तो पीएलएत राहायला येत नाही, कामापुरता येतो.

पीएलएच्या रेणूंच्या लांब साखळ्या साधारण 60 अंशांखाली थिजलेल्या असतात. त्यावर गेलं की सैल पडतात, म्हणून साध्या पीएलएच्या कपात चहा ओतला की कप मान टाकतो. आत क्रिस्टल, म्हणजे साखळ्या नीट ओळीत बसलेले भाग, असले तर तग धरतो. पण नुसत्या उष्णतेवर ते वाढवायचे तर 100-110 अंशांच्या साच्यात माल ताटकळत ठेवावा लागतो. दाबाखालचा गॅस साखळ्यांमध्ये शिरला की त्या 40 अंशांनाही सरकून ओळीत बसतात. "गॅस घाला, क्रिस्टल लवकर," असं मी सरसकट सांगत फिरायचे. तेही अर्धंच खरं. गॅसमुळे वितळबिंदूही खाली येतो, त्यामुळे वरच्या तापमानांना वाढ उलट मंदावते.

आता माझ्या फजितीचं प्रकरण. पीएलएची पट्टी गॅसमध्ये ठेवली: 100 बार दाब, 40 अंश, रात्रभर. सकाळी घाईत व्हेंट, म्हणजे गॅस बाहेर सोडायची वाट, झटकन सोडला. काचेसारखी पारदर्शक पट्टी खडूसारखी पांढरी होऊन निघाली. क्रिस्टल झाले की पीएलए पांढरं पडतं, हे मला पाठ होतं. फोटो काढला, ग्रुपच्या मीटिंगमध्ये दाखवला, टाळ्याही घेतल्या. मॅडमनी पट्टी हातात घेतली, तळहातावर जोखली आणि म्हणाल्या, "पाण्यात टाक बरं." बीकरमध्ये टाकली. तरंगली. खोलीत कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. पीएलए पाण्यापेक्षा जड. माझ्या पट्टीत क्रिस्टल नव्हते, झटकन सुटलेल्या गॅसचे बुडबुडे होते. मी थर्माकोल बनवला होता. डीएससीवर (नमुना तापवत तो कधी सैल पडतो, कधी वितळतो ते दाखवणारं यंत्र) 60 अंशांच्या आसपास सैल पडल्याची एक पायरी, पुढे क्रिस्टल वितळण्याचं शिखरच नाही. दाण्यांची पिशवी चुकीची होती: डी-लॅक्टिक (साखळ्यांना ओळीत बसू न देणारा घटक) जास्त असलेला, क्रिस्टल न होणारा ग्रेड. दाणे दिसायला हुबेहूब. लेबल मी लावलेलं नव्हतं, हे मी त्या दिवशी चारदा सांगितलं. व्हेंट मात्र मीच सोडला होता, आणि मीटिंगआधी डीएससी न करणारीही मीच.

तेव्हाची मी म्हणायची, कपात चहा टिकला की झालं. आता तिच्याशी भांडते. पीएलए परसातल्या खड्ड्यात सहजी जिरत नाही, त्याला 58 अंशांच्या आसपासचं औद्योगिक कंपोस्ट लागतं. त्यात क्रिस्टल वाढवले की पाणी आत शिरायला आणखी वेळ. मग मी कप सुधारतेय की कचरा टिकाऊ करतेय? ती म्हणते, वाकणारा कप कोणी विकतच घेणार नाही. तिचंही खोटं नाही.

सोमवारचं सॅम्पल काढून ठेवलंय. पिशवीवरचं लेबल या वेळी तिघांनी वाचलंय.