कासारवडवलीचा गीझर

गेल्या डिसेंबरात कासारवडवलीला एका सोसायटीत गेलो होतो, ती केस अजून डोक्यातून जात नाही. पाइप गॅसवरचा सहा लिटरचा, म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर, ड्राय बाल्कनीत लावलेला, घरात काका-काकू, मुलगा-सून आणि नात. तक्रार काय तर काकूंच्या बाथरूमला पाणी कोमट येतं आणि मधेच गीझर विझतो. काकूंना संधिवात, सकाळी गुडघ्यांवर गरम पाणी घेतल्याशिवाय उठबस होत नाही, महिनाभर बिचाऱ्या शेगडीवर पातेलं तापवून बादलीत ओतत होत्या. आधी दोघं जण बघून गेलेले. एकाने सेल बदलले, दुसरा म्हणाला कॉइल गेली, नवीन गीझर घ्या.

मी पण आधी कॉइलच धरली. घोडबंदर रोडला बऱ्याच सोसायट्या टँकर नाहीतर बोअरवर चालतात, पाणी जड, तांब्याच्या नळीत आतून क्षार बसतो आणि मग आग कितीही चांगली असली तरी उष्णता पाण्याला पोचत नाही. इनलेटची जाळी काढून धुतली, सायट्रिक अ‍ॅसिडने कॉइल साफ केली, पण क्षार फारसा निघालाच नाही, तेव्हाच मी थांबायला हवं होतं. बर्नरची ज्योत निळी, एकसारखी. दीड तास गेला, पाणी तसंच.

मग गीझरमधून निघणाऱ्या पाइपला हात लावला तर चटकाच बसला. थर्मामीटर लावला, 52 डिग्री. बाथरूमच्या नळाला 34. मधे पाइप जेमतेम पंधरा फूट, एवढ्यात 18 डिग्री जातील कुठे?

काकूंना म्हटलं, बादली लावा बघू. 20 लिटरची बादली अडीच मिनिटांत भरली. म्हणजे मिनिटाला आठ लिटर, आणि सहा लिटरच्या गीझरमधून एवढ्या जोरात पाणी यायला नको. तेव्हा खात्री पटली की जास्तीचं पाणी दुसरीकडून येतंय. गीझरच्या खालचा थंड पाण्याचा अँगल कॉक पूर्ण बंद केला आणि बाथरूममध्ये जाऊन गरम पाण्याचा नळ उघडला. पाणी यायला नको ना? धो धो आलं, थंडगार.

"काका, दुसऱ्या बाथरूमला हँड शॉवर आहे का?" तर आहे, दिवाळीच्या आधीच बाथरूम नवीन केलेलं. आत जाऊन बघतो तर मिक्सरचे गरम आणि थंड दोन्ही नॉब उघडे आणि शॉवर फक्त हातातल्या बटणाने बंद. नात रोज तसंच ठेवून निघायची, लहान पोर, तिला काय माहीत. दोन्ही लाइन मिक्सरमध्ये आतून जोडल्या गेलेल्या. थंड लाइन थेट टाकीवरून येते, जोर पूर्ण. गरम लाइनचं पाणी गीझरच्या बारीक नळीतून येतं, जोर कमी. काकूंनी इकडे नळ उघडला की थंड पाणी मिक्सरमधून उलटं गरम लाइनमध्ये घुसायचं. शिवाय त्यामुळे गीझरमधून पाणी इतकं कमी वाहायचं की कधीकधी डायफ्राम, म्हणजे पाण्याच्या जोराने दाबला जाऊन गॅस चालू करणारा पडदा, दाबलाच जायचा नाही आणि ज्योत बंद. विझण्याचं कारण पण हेच, सेल बिचारे ठीक होते.

दोन्ही नॉब बंद केले. मिनिटाभरात नळाला 45 डिग्री. काकूंनी नळाखाली हात धरला आणि बराच वेळ काढलाच नाही, काही बोलल्या पण नाहीत. मला खरं सांगतो त्या दोन जणांचा राग आला, चांगल्या गीझरच्या जागी नवीन घ्यायला लावणार होते आणि नवीन लावला असता तरी पाणी कोमटच राहिलं असतं.

मुलगा म्हणाला, दादा, रोज नॉब कोण बघणार, काहीतरी कायमचं करा. गीझरच्या आउटलेटला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, टाकून उपयोग नाही, बरेच जण तिथेच टाकतात, पण थंड पाणी त्याच्या पुढे येऊन मिसळतं. ते मिक्सरच्या इनलेटला, दोन्ही लाइनवर लागतात. रविवारी जाऊन बसवले. मग नॉब मुद्दाम उघडे ठेवले, अँगल कॉक बंद केला, काकूंच्या बाथरूमचा गरम नळ उघडला. पाइपमधलं उरलेलं थोडं पाणी आलं आणि थांबलं.