काठाला पाणी दमतं!

आज चौथीच्या पोरांना घेऊन संगम माहुलीला गेले. कृष्णा आणि वेण्णा दोघी महाबळेश्वरातून निघतात आणि इथे भेटतात, हे वर्गात तीनदा घोकून झालं होतं. काठावर आल्याआल्या एकाने विचारलं, "बाई, यातली कृष्णा कुठली?" (फळ्यावर दोघींना वेगळे रंग असतात ना!)

मग होकायंत्र बाहेर निघालं. कृष्णा वाईवरून येते आणि वाई उत्तरेला, म्हणून उत्तरेकडून येते ती कृष्णा. साताऱ्याकडून, पश्चिमेने येते ती वेण्णा. हे पोरांनीच ठरवलं, मी फक्त मान हलवली.

खरी मजा पुढे. दोरीने काठावर 10 मीटर मोजले आणि झेंडूची फुलं सोडली. मधलं फूल 25 सेकंदांत पार. काठाजवळचं रेंगाळलं, आणि शेवटी गवतात अडकलं. का बरं? "बाई, काठाला पाणी दमतं. घासतं ना ते!"

घर्षण हा शब्द मी आज वापरलाच नाही.

आत्ताच एका आईचा फोन आला. "बाई, खिशात चार गोटे निघालेत, टाकू का?"

अहो, नका टाकू! ते गुळगुळीत कसे झाले, हा उद्याचा तास आहे.