तुम्ही विचारलंत म्हणून: मी एरियलची तार का बांधत नाही

“काका, आजोबांचा रेडिओ माळ्यावर सापडलाय. चालू करून द्या, आणि गच्चीवर चांगली लांब एरियल पण बांधून द्या.”

महिन्यातून दोन-तीनदा तरी हे ऐकतो. रेडिओ चालू करून देतो. गँगमधली, म्हणजे स्टेशन लावताना फिरणाऱ्या पत्र्यांमधली, धूळ काढतो, व्हॉल्यूमची खरखर घालवतो, सुईचा तुटलेला दोरा नवा ओवतो. एरियल मात्र बांधत नाही. मग पुढचा प्रश्न ठरलेला: “का हो? चार पैसे जास्त घ्या की.” कुणाला वाटतं वयामुळं गच्चीवर चढवत नाही, कुणाला वाटतं आळस. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या आमच्या गाळ्यांच्या ओळीत तर मला हेकेखोर ठरवूनच टाकलंय. चाळीस वर्षं या प्रश्नाला मी अर्धंच उत्तर देत आलो. आज पुरं देतो.

अर्धं उत्तर असं. मीडियम वेव्हवर दिवसा ऐकू येतं ते जमिनीलगत चालत आलेलं. आभाळात साठ ते नव्वद किलोमीटरवर एक थर असतो, तो उन्हामुळं तयार होतो आणि वर गेलेल्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग त्याच लहरी आणखी वरच्या थरांवर आपटून खाली येतात, शेकडो किलोमीटर लांब पडतात. म्हणून दिवसा तुमच्या रेडिओवर चार स्टेशनं आणि रात्री चाळीस. तार जेवढी लांब, तेवढी ही सगळी गर्दी आत. तुम्हाला हवं ते एक स्टेशन तार वेगळं काढून देत नाही. ती सगळ्यांनाच दार उघडते.

त्यात कोल्हापूरची जागा. सरळ रेषेत धरलं तर पुणे दोनशे किलोमीटरच्या वर, धारवाड एकशे साठच्या आसपास. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, शंभर किलोवॅटचं. धारवाड ७६५ वर, दोनशे किलोवॅटचं. म्हणजे धारवाड जवळ, ताकदीनं दुप्पट, आणि सुईवर जेमतेम बोटभर अंतर. १९७८ च्या नोव्हेंबरात सगळी स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या घरांत बसवली. त्या हिशोबानं या दोघांच्या मधे फक्त दोन घरं मोकळी. चांगल्या सेटला तेवढी पुरतात. पण लांब तारेनं धारवाड एवढ्या जोरात आत आलं की पहिला ट्रान्झिस्टरच भरून जातो, आणि पुढं आयएफटी, म्हणजे हवं ते स्टेशन गाळून घेणारी कॉइलं, कितीही नीट लावलेली असोत, मिसळलेलं मिसळलेलंच राहतं. दुधात पाणी पडल्यावर गाळणी काय करणार?

सांगली आम्हाला कधी एवढा त्रास द्यायची नाही. २० किलोवॅटचीच, पण पन्नास किलोमीटरच्या आत, १२५१ वर. रात्री तिच्या मागं कोणतरी कुजबुजायचं, पण ती बुडायची नाही. पुणं बुडायचं. रात्री पुण्याची जमिनीवरनं आलेली लहर इथपर्यंत दमलेली असते, आभाळातनं आलेली दुसरी तिला येऊन मिळते. दोघींचं जमलं की आवाज फुगतो, नाही जमलं की एकमेकींना खातात. नेमकं तेव्हा मागनं धारवाड वर येतं.

लोक याला “कानडी घुसलं” म्हणायचे. सीमेचा प्रश्न तापलेला असला की दुकानात त्यावरनं भलतंच बोलणं निघायचं, जणू धारवाडनं मुद्दाम आमच्यावर तोंड वळवलंय. मला ते तेव्हाही आवडत नव्हतं. धारवाडचं केंद्र १९५० चं, पुण्याचं १९५३ चं. धारवाड आपल्या गावात आपल्या लोकांसाठी बोलत होतं, मधे आम्ही राहत होतो एवढंच. आणि आम्ही कोल्हापूरकरांनी तरी धारवाडला परकं कुठल्या तोंडानं म्हणायचं? शाहू महाराजांनी गायक अल्लादिया खाँसाहेबांना इथं दरबारी आणलं, त्यांच्या मंजी खाँ आणि भूर्जी खाँ या मुलांकडनं ती गायकी मल्लिकार्जुन मन्सुरांकडे गेली, आणि मन्सूर धारवाडचे. रात्री पुणे शोधताना मधेच धारवाडवर एखादा ख्याल लागला की मी कितीदा सुई तिथंच ठेवलीय. आमच्याच पेठेतनं गेलेलं गाणं परत घरी आल्यासारखं वाटायचं.

इथपर्यंतचं मी दुकानात उभ्या उभ्या सगळ्यांना सांगतो. हे खरं आहे, पण तार न बांधण्याचं कारण हे नाही.

कारण १९८२ च्या डिसेंबरातलं आहे. एशियाड नुकतंच संपलं होतं आणि जो तो रंगीत टीव्हीचं बोलत होता. मी तेव्हा चोविशीत, स्वतःचं दुकान टाकून वर्ष झालेलं. मंगळवार पेठेतल्या एका वाड्यात एक गृहस्थ राहायचे, कोर्टातनं कारकून म्हणून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. एके दिवशी ते चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर काखेत मारून दुकानात आले. खिशातनं एक पत्र काढलं आणि मला न देता स्वतःच वाचून दाखवलं. मुलगी लग्न होऊन पुण्याला होती, तिथं आकाशवाणीची स्वरचाचणी पास झाली होती. रात्री साडेनऊनंतर दहा मिनिटं सुगम संगीत, दोन गाणी. तारीख, वेळ, सगळं.

“बाळ, पुणं स्वच्छ लागलं पाहिजे. बाकी कायबी लागू दे नाहीतर न लागू दे.”

मी सेट उघडून बघितला. बिघाड नव्हता. आयएफटी जागेवर, सेल नवे. तरी मी म्हणालो, “अण्णा, एरियल टाकू.” का म्हणालो? मला तेव्हा तेवढंच येत होतं. आणि बिघाड नाही म्हणून सेट परत दिला तर मिस्त्रीला काही कळत नाही असं त्यांना वाटेल, हीही भीती होती.

ज्या दिवशी गाणं, त्याच दिवशी सकाळी तार टाकली. तांब्याची साठ फूट, दोन्ही टोकांना चिनी मातीच्या रिळी. एक टोक जिन्यावरच्या खांबाला, दुसरं परड्यातल्या नारळाला. खाली खिडकीतनं तार आत घेऊन सेटच्या मागच्या भोकात पिन बसवली. दुपारी एकला पुणे लावलं. वाड्यात बायका कामं टाकून दारात आल्या एवढं खणखणीत लागलं. अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बारा रुपये घेतले मी. आणि ते म्हणाले, “रात्री जेवायलाच ये. तूच लावून दे, माझा हात कापतोय.”

दुपारी एकला तपासलं. रात्री साडेनऊच्या कार्यक्रमासाठी.

रात्री माजघरात सतरंजी टाकलेली. शेजारपाजारचे पंधरा-वीस जण, पोरं पुढं, म्हाताऱ्या भिंतीला टेकून. रेडिओ पाटावर ठेवलेला, खाली विणलेला रुमाल. अण्णांनी कोट घातला होता. घरात, रात्री, कोट. नऊला मी पुणे लावलं तेव्हाच मागं कानडी बाई बोलत होती, पण पुण्याचा आवाज वर होता. मी मनात म्हटलं, भागेल.

निवेदिकेनं मुलीचं नाव घेतलं. सासरचं आडनाव होतं, तरी पोरांनी ओळखून टाळ्या पिटल्या. त्यांना गप्प करेपर्यंत पेटीचे सूर गेले. तिची पहिली ओळ आली, पूर्ण आली, अगदी समोर बसून गातेय अशी. दुसऱ्या ओळीला आवाज पातळ होत गेला आणि खालनं धारवाड चढलं. पुरुषाचा आवाज, बहुतेक भाषण, संथ आणि ठाम. तिच्या तानेवरनं तो शब्द शब्द टाकत चालला होता.

इथून पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

आजवर मी हेच म्हणत आलो की धारवाडनं गाणं खाल्लं. तसं झालं नाही. पुणे बुडालं होतं, पण गेलं नव्हतं. अशा वेळी हात मांडीवर ठेवून बसायचं असतं, मिनिटा-दोन मिनिटांत लहर फिरते. मी बसलो नाही. वीस जणांच्या नजरा माझ्या बोटांवर होत्या, मला काहीतरी करून दाखवायचं होतं. मी बटण फिरवलं. आधी थोडं वर, मग खाली, मग घाबरून बरंच वर. पुणे हातातनं सुटलं. शिट्ट्या, खरखर, कुठलंतरी तिसरंच स्टेशन, पुन्हा धारवाड. सुई ७९२ वर परत आणेस्तोवर किती वेळ गेला ते मला आजही सांगता येणार नाही. पुणे स्वच्छ लागलं, आणि निवेदिका म्हणत होती, “आत्ताच आपण ऐकलंत...”

माजघरात कुणी काही बोललं नाही. एक म्हातारी म्हणाली, “पोरीचा गळा गोड हाय हं.” अण्णांनी रेडिओ स्वतः बंद केला. मला वाढलं. भात, आमटी, वर तूप. ते माझ्या ताटाकडे बघून म्हणाले, “घे की अजून.”

निघताना त्यांनी एक पोस्टकार्ड हातात दिलं. “वाटेत पेटीत टाक, सकाळच्या डाकेला जाईल.” कोपऱ्यावरच्या दिव्याखाली मी ते वाचलं. वाचायला नको होतं. लिहिलं होतं: ‘चि. सौ.ला आशीर्वाद. कार्यक्रम खणखणीत ऐकू आला. सगळा वाडा जमला होता. दुसरं गाणं मला जास्त आवडलं.’

दुसरं गाणं आमच्यापैकी कुणी ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बारा रुपये परत घेऊन गेलो. घेतले नाहीत. तार काढतो म्हणालो तर म्हणाले, राहू दे, पुढच्या वेळी लागेल. पुढची वेळ आली की नाही मला माहीत नाही, कारण त्या गल्लीतनं जायचं मी टाळत गेलो. त्यानंतर तार बांधली नाही.

आता मीच माझ्याशी भांडतो ते सांगतो. चोवीस वर्षांचा तो पोरगा म्हणतो, मला कुणी शिकवलं होतं? उस्तादानं सोल्डर करायला शिकवलं, आभाळ कुणी शिकवलं नाही. मी त्याला म्हणतो, पिन उपसता आली असती. एक झटका. सेटच्या आत फेराइटची कांडी असते, तिला दिशा कळते. कांडीचं टोक ज्या स्टेशनकडे रोखलं ते स्टेशन मावळतं, आडवी धरली की उगवतं. बाहेरची तार लावली की कांडीचा हा गुण वाया जातो. तो म्हणतो, मग धारवाडकडे टोक केलं असतं तर पुणेही गेलं असतं, नकाशा बघा. यात त्याचं चूक नाही. पुणे आमच्या उत्तरेला जरासं पश्चिमेकडे, धारवाड दक्षिणेला जरासं पूर्वेकडे, आणि कोल्हापूर मधे. जवळजवळ एका रेषेत तिघं. एकाला दाबायला गेलात की दुसराही दबतो.

पण जवळजवळच. पुरती एक रेषा नाही, वीसेक अंशांचा फरक पडतो. त्या फरकापायी मी त्याच हिवाळ्यात माझ्या खोलीत रात्र रात्र बसलो. खिडकीच्या फळीवर सेट, तार नाही, फळीवर खडूनं रेघा. बोटाच्या पेरापेरानं सेट फिरवायचा. एका रेघेवर धारवाड एकदम खाली बसायचं आणि पुण्याचा तिसरा हिस्सा तरी उरायचा. बारीक, पण एकटा. कधी कधी. आभाळातनं येणारी लहर कांडीला चांगलीच फसवते, म्हणून कालची रेघ आज चालायची नाही. एका रात्री पुणे चार मिनिटं निर्मळ लागलं, दुसऱ्या रात्री अर्धा तास, तिसऱ्या रात्री अजिबात नाही. म्हणजे मी पिन उपसली असती तर गाणं ऐकू आलं असतं का? काही रात्री वाटतं, आलं असतं. काही रात्री वाटतं, नसतं आलं, निदान माझा हात त्यात नसता.

आता तुम्ही म्हणता, काका, ते दिवस गेले, आकाशवाणीची मीडियम वेव्हची केंद्रं एकेक करून बंद होतायत, आमचं कोल्हापूर केंद्र तर एफएमवरच आलं, १०२.७ वर, तिथं कुठं काय मिसळतं? मिसळत नाही, खरंय. एफएमवर दोन स्टेशनं एका जागी आली तर जोरकस असतं तेच ऐकू येतं, दुसरं असल्याचंही कळत नाही. मीडियम वेव्हवर ती पोरगी धारवाडच्या खाली गात होती. आम्हाला शब्द लागत नव्हते, पण मी बटण फिरवेपर्यंत ती तिथं होती. अण्णा पुढं वाकून कान लावून बसले होते. मला कानडी ऐकू येत होतं. त्यांना काय ऐकू येत होतं ते मी विचारलं नाही.

तर आजोबांचा रेडिओ आणा. दोरा, गँग, खरखर, सगळं करून देतो. घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचा चार्जर बंद करून रात्री खिडकीत ठेवा, हळूहळू फिरवा, आणि एखादं स्टेशन बुडायला लागलं तर बटणाला हात लावू नका. तार तुमची तुम्ही बांधा.